पेंब्रोकशरमधले पाच दिवस: आधी वार, वारा आणि भरती बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिंगला राहणारं कुटुंब: नवरा-बायको, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले आई-बाबा. मेच्या शेवटच्या आठवड्यात, हाफ टर्मच्या सुट्टीत, वेल्सच्या पेंब्रोकशर जिल्ह्यात, टेन्बीजवळ शनिवार ते शुक्रवार घर घेतलंय. आईंचे गुडघे दुखतात, बाबा शुद्ध शाकाहारी. यादीत ओकवुड थीम पार्क, फॉली फार्म, टेन्बी, काल्डी बेट, पेंब्रोक कॅसल, बॅराफंडल बीच, स्कोमर बेटावरचे पफिन पक्षी, सेंट डेव्हिड्स आणि ब्लू लगून. मधल्या पाच दिवसांत हे सगळं बसेल का, कुठल्या क्रमाने, आणि प्रवेशाचा पास घ्यावा का?

सगळं बसणार नाही, पण जे महत्त्वाचं आहे ते बसेल. मी दक्षिण वेल्समध्ये राहतो, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या सहली आखणं हे माझं काम आहे. पेंब्रोकशरच्या बाबतीत मी स्थळांच्या यादीपासून कधीच सुरुवात करत नाही. आधी वार बघतो, मग भरती-ओहोटीची वेळ, आणि आदल्या रात्री वाऱ्याची दिशा. या तीन गोष्टी ठरल्या की स्थळं आपोआप जागेवर बसतात. उलट केलंत तर बंद फाटकासमोर गाडी वळवण्यात सुट्टी जाते.

यादीची काटछाट करू. ओकवुड खोडून टाका. १९८७ पासून चाललेलं हे पार्क आता पुन्हा उघडणार नाही, असं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. जुन्या 'टॉप टेन' याद्यांमध्ये ते अजून दिमाखात बसलेलं असतं, म्हणून हा खुलासा. दुसरं, तुमचं 'ब्लू लगून' नेमकं कुठलं? इथे त्या नावाच्या दोन जागा आहेत. एक नार्बर्थजवळच्या ब्लूस्टोन रिसॉर्टमधलं छताखालचं वॉटर पार्क, दुसरी सेंट डेव्हिड्सच्या उत्तरेला अबरेइडी गावाशी असलेली जुनी पाटीच्या दगडाची खाण, जिच्यात समुद्र शिरून निळंहिरवं तळं झालंय. दोघांमध्ये गाडीने जवळजवळ तासाचं अंतर आहे. ब्रॉड हेवनचंही तसंच: एक सेंट ब्राइड्स उपसागरावर, दुसरं दक्षिणेला बॉशर्स्टनजवळ. आणि इथल्या न्यूपोर्ट गावासाठी नुसतं न्यूपोर्ट टाकलंत तर नॅव्हिगेशन तुम्हाला शंभर मैल मागे, तुम्ही येतानाच ओलांडलेल्या मोठ्या शहरात परत नेईल. गावाचं नाव टाकू नका, पार्किंगचा पोस्टकोड टाका. आणि नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या, कारण किनाऱ्यावरच्या खोलगट गावांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

आता भूगोल. मिल्फर्ड हेवनची खाडी जिल्ह्यात खोलवर घुसलेली आहे आणि तिने दक्षिण आणि उत्तर असे दोन भाग केलेत. तुमचं घर दक्षिणेत आहे. पेंब्रोक, कॅरू, स्टॅकपोल, फॉली फार्म हे सगळं तुमच्यापासून पाऊण तासाच्या आत. स्कोमरची बोट जिथून सुटते ते मार्टिन्स हेवन आणि सेंट डेव्हिड्स मात्र खाडीपलीकडे, प्रत्येकी तासाभराहून थोडं अधिक. १९७५ साली उघडलेल्या क्लेडाय पुलावरून पलीकडे जाता येतं. २०१९ पासून तिथे टोल नाही, त्यामुळे 'पूल टाळा' हा जुना सल्ला आता विसरा. पण नकाशावरची मिनिटं खरी मानू नका. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. शेवटचे चार-पाच मैल तर दोन्ही बाजूंना उंच झुडपी बांध असलेल्या एका गाडीपुरत्या गल्ल्यांतून जातात. समोरून ट्रॅक्टर आला की रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. ज्याचा रिव्हर्स चांगला त्याच्याकडे स्टिअरिंग द्या, यात मानापमान नको. खाडीपलीकडे एका दिवशी एकच ठिकाण, हा नियम पाळा. स्कोमर आणि सेंट डेव्हिड्स एकाच दिवशी करायचा बेत मला दर हंगामात कोणीतरी पाठवतं. तो कागदावरच बरा दिसतो.

वारांचं गणित असं. काल्डी बेट रविवारी बंद, कारण तिथे सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंचा मठ आहे. स्कोमरवर सोमवारी उतरता येत नाही, पण बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा सोमवार त्याला अपवाद. तुमच्या आठवड्यात नेमका तोच सोमवार येतो. आणि सेंट गोव्हन्स चॅपल, ग्रीन ब्रिज हा दक्षिणेचा कड्यांचा पट्टा कॅसलमार्टिन या लष्करी गोळीबार क्षेत्रात येतो. सराव चालू असला की लाल झेंडा लागतो आणि रस्ता बंद. सराव मुख्यतः कामाच्या दिवशी असतो, म्हणून हा पट्टा शनिवार-रविवारी किंवा बँक हॉलिडेला उरकावा. तरीही निघण्याआधी जाहीर झालेल्या सरावाच्या वेळा बघाच. तुमच्या यादीत हा पट्टा नव्हता, मी घालतोय. कारण पुढे सांगतो.

भरती-ओहोटीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथला समुद्र कोकणातल्यासारखा वागत नाही. उधाणाच्या दिवसांत टेन्बीला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात सात-आठ मीटरचा फरक पडतो. दुपारी ज्या वाळूवर मुलांनी किल्ला केला, तिथे संध्याकाळी दोन मजली घर बुडेल एवढं पाणी. तुमच्या बाबांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असेल, तर त्यांना सांगा की तो हिशोब मुंबई-अलिबागचा. तिथे अमावास्या-पौर्णिमेला दुपारच्या सुमारास भरती असते. इथे त्याच दिवशी भरती सकाळी सात-आठला आणि पुन्हा संध्याकाळी, आणि भर दुपारी समुद्र पार आत गेलेला. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत उलट: दुपारी भरती, वाळूची पट्टी अरुंद. म्हणजे पौर्णिमेच्या आठवड्यात आलात तर जेवणाच्या वेळी बीच सर्वांत रुंद मिळेल. अचूक वेळेसाठी स्थानिक भरतीचं पुस्तक घ्या, दुकानांत स्वस्तात मिळतं. उन्हाळ्यात छापील वेळांत एक तास मिळवायचा आहे की आधीच मिळवलेला आहे, हे पहिल्या पानावर बघून घ्या.

याचा धोकाही आहे. एका खाडीतून कड्याला वळसा घालून शेजारच्या खाडीत वाळूवरून चालत जायचा मोह होतो, आणि परत येईतो वाट पाण्याखाली गेलेली असते. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा आणि पाणी वळलं की मागे फिरा. कोणी अडकलंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा, स्वतः पाण्यात उतरू नका. पोहणं फक्त जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे. मेच्या शेवटी पाणी १२ अंशांच्या आसपास असतं, मुलांना वेटसूट भाड्याने घेऊन द्या. फ्रेशवॉटर वेस्टची वाळू अप्रतिम आहे, पण पाण्याला ओढ आहे. तिथे फक्त चाला.

आता दिवस.

रविवारी दक्षिणेचा किनारा. सकाळी नऊच्या आत बॉशर्स्टनला पोचा. इथली कमळतळी नैसर्गिक नाहीत. स्टॅकपोलच्या जमीनदार घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे ओढे अडवून ती केली. पांढरी कमळं जूनमध्ये ऐन भरात असतात, मेअखेर फुलायला लागलेली दिसतात. तळ्याकाठची वाट बरीचशी सपाट आहे. पार्किंगमधून तळ्यापर्यंतचा उतार तेवढा आईंनी सावकाश उतरावा. मधले अरुंद बांधपूल ओलांडून पलीकडे ब्रॉड हेवन साउथचा बीच लागतो. ज्यांना चालायचं नाही त्यांनी गाडीने थेट त्या बीचच्या वरच्या पार्किंगला जावं, तिथून समुद्र बसल्या जागी दिसतो.

तिथून सेंट गोव्हन्स. कड्याच्या कपारीत अडकवल्यासारखं तेराव्या-चौदाव्या शतकातलं दगडी चॅपल आहे, आत दहा-बारा माणसं दाटीने मावतील एवढंच. समुद्री चाचे पाठीला लागले तेव्हा कडा उघडला, संत गोव्हनला पोटात घेऊन मिटला आणि चाचे गेल्यावर पुन्हा उघडला, अशी कथा. पायऱ्या उतरताना मोजा आणि चढताना मोजा, आकडा जुळत नाही म्हणतात. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं काम पुरेसं आहे. पायऱ्या उंचसखल आणि झिजलेल्या आहेत, आईंनी वरच थांबावं.

आईंसाठी खरी जागा पुढे आहे: स्टॅक रॉक्सचं पार्किंग. तिथून जवळजवळ सपाट गवतावरून काही मिनिटं चाललं की समुद्रात उभे चुनखडीचे दोन सुळके दिसतात, एलेगग स्टॅक्स. वसंतापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्यावर गिलेमॉट पक्ष्यांची एवढी गर्दी असते की खडक काळा दिसतो, आणि आवाज व वास दोन्ही वाऱ्यावर येतात. पफिन नव्हेत, पण समुद्री पक्ष्यांची वसाहत म्हणजे काय ते एकही पायरी न उतरता कळतं. शेजारीच ग्रीन ब्रिज ही नैसर्गिक कमान आहे, बघायला लाकडी सज्जा केलाय. ऑक्टोबर २०१७ च्या वादळात तिचा एक मोठा तुकडा कोसळला, त्यामुळे जुने फोटो आणि समोरचं दृश्य जुळणार नाही. कड्यांना कुंपण नाही. सहा वर्षांच्या मुलाचा हात इथे सोडू नका.

बॅराफंडल मी मुद्दाम संध्याकाळी ठेवतो. स्टॅकपोल की या छोट्या धक्क्यापासून साधारण अर्धा मैल चाल, आधी चढ मग पायऱ्या. बीचवर ना स्वच्छतागृह, ना चहा, ना जीवरक्षक. हाफ टर्मच्या दुपारी पार्किंग भरून जातं. पण मेअखेर सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, आणि पाचनंतर लोक पांगतात. दुपारी घरी जाऊन आई-बाबांना झोपू द्या, साडेपाचला पुन्हा निघा. मुलं आणि तुम्ही पायऱ्या उतरा, आई-बाबा धक्क्यापाशी बसतील. हीच युक्ती सगळ्या आठवड्याला लावा: सकाळी लवकर, दुपारी आराम, संध्याकाळी पुन्हा बाहेर. अकरा ते चार हे तास गर्दीला देऊन टाका.

बँक हॉलिडेच्या सोमवारी बीचच्या वाटेला जाऊ नका, किल्ले करा. सकाळी उघडताच पेंब्रोक कॅसल. इथे मुलांना फक्त तटबंदी दाखवलीत तर अर्ध्या तासात कंटाळतील, म्हणून गोष्ट गाडीतच सुरू करा. २८ जानेवारी १४५७ ला या किल्ल्यात एक मूल जन्मलं. आई तेरा वर्षांची, वडील एडमंड ट्यूडर तीन महिन्यांपूर्वीच वारलेले. काका जॅस्परने मुलाला सांभाळलं. १४७१ मध्ये राजकारण उलटल्यावर काका-पुतण्या टेन्बीहून बोटीने निसटले. गावाखालच्या भुयारातून पळाले असं तिथे सांगतात. चौदा वर्षं परदेशात काढून तो मुलगा ७ ऑगस्ट १४८५ ला डेल गावाजवळच्या मिल बे या छोट्या खाडीत उतरला आणि पंधरा दिवसांनी बॉसवर्थची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा सातवा हेन्री झाला. ट्यूडर घराणं ते हेच. या गोष्टीतले तीन मुक्काम तुमच्या आठवड्यात येतात: आज जन्माचं ठिकाण, बुधवारी टेन्बीत पळून जायचं बंदर, आणि गुरुवारी सेंट डेव्हिड्सच्या कॅथीड्रलमध्ये त्या न पाहिलेल्या बापाची कबर. शाळेत ट्यूडर शिकणाऱ्या मुलाला याहून चांगला धडा नाही.

किल्ल्यात विल्यम मार्शल या सरदाराने बांधलेला प्रचंड गोल बुरूज आहे, सुमारे २४ मीटर उंच, आणि खाली वोगन नावाची नैसर्गिक गुहा. दोन्हीकडे जिने गोल आणि अरुंद. आई-बाबांसाठी मधलं हिरवळीचं पटांगण आणि बाहेरून तळ्याकाठची चाल पुरेशी आहे. किल्ला पाण्यापलीकडूनच जास्त भव्य दिसतो असं माझं मत.

परतीच्या वाटेवर कॅरू. किल्ल्याबरोबर भरतीवर चालणारी गिरणीही बघा, वेल्समध्ये जतन करून उभी असलेली अशी ही एकमेव. भरतीचं पाणी दार उघडून तळ्यात घ्यायचं, ओहोटी लागली की तेच पाणी चाकावरून सोडायचं, एवढं सोपं तंत्र. बाबांना यात रस वाटेल याची खात्री देतो. तळ्याभोवती मैलभराची सपाट वाट आहे, पूर्ण जिल्ह्यात वयस्कांसाठी याहून सुखाची चाल क्वचितच. वाटेवर अकराव्या शतकातला उंच कोरीव सेल्टिक क्रॉस रस्त्याच्या कडेलाच उभा आहे.

मंगळवार स्कोमरचा, पण तिकीट असेल तरच. उतरण्याची संख्या मर्यादित असते आणि आगाऊ ऑनलाइन बुकिंग लागतं. हाफ टर्मची तिकिटं फार आधी संपतात. म्हणून क्रम उलटा करा: स्कोमरची जी तारीख मिळेल ती पक्की धरा आणि बाकी दिवस तिच्याभोवती हलवा. पफिन तिथे एप्रिल ते जुलै असतात, म्हणजे तुमचा आठवडा उत्तम. अलीकडच्या गणनांत चाळीस हजारांवर पफिन मोजले गेलेत. ते तुमच्या पायांमधून धावत बिळात शिरतात. पायवाट सोडायची नाही, कारण जमीन बिळांनी पोखरलेली आहे आणि चुकीचं पाऊल म्हणजे आत पिल्लू चिरडणं. याच बिळांत मँक्स शिअरवॉटर या पक्ष्यांच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या राहतात, जगातली सर्वांत मोठी वसाहत. पण ते दिवसा दिसत नाहीत, अंधारातच ये-जा करतात.

आईंना बेटावर नेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. बोटीतून उतरल्या उतरल्या ८७ उभ्या पायऱ्या, मग चार-पाच तास बेटावर. उपाहारगृह नाही, पाणी-खाणं सगळं बरोबर न्यावं लागतं. बोटीची वेळ ठरलेली, त्यामुळे 'दमलो, परत जाऊ' म्हणता येत नाही. त्यांच्यासाठी बेटाला न उतरता फेरी मारणाऱ्या बोटी आहेत. पफिन पाण्यावर थव्याने तरंगत असतात, त्यामुळे जवळून दिसतात. धक्क्यापर्यंत उतार आहे, तो झेपतो का हे आधी फोनवर विचारून घ्या. सहा वर्षांच्या मुलालाही मी फेरीच सुचवेन. म्हणजे एक पालक आणि मोठा मुलगा बेटावर, बाकीचे बोटीने फेरी. तिकीट मिळालंच नाही तर सगळेच फेरीला जा, वाईट वाटून घेऊ नका.

आणि वारा. बेटावर उतरायची जागा उत्तरेकडे तोंड करून आहे. उत्तरेचा वारा जोर धरला की बोटी रद्द होतात, मग आकाश कितीही निळं असो. उलट दक्षिण-पश्चिमेच्या वाऱ्यात, ढगाळ हवेतही, बोट सुटू शकते. आदल्या रात्री पावसाचं नव्हे, वाऱ्याच्या दिशेचं भाकीत बघा, आणि सकाळी निघण्याआधी बोटवाल्यांची सूचना बघितल्याशिवाय तासभर गाडी हाकू नका. रद्द झालं तर मंगळवार फॉली फार्मला द्या. तुमच्या घरापासून पंधरा-वीस मिनिटं. गायींच्या गोठ्यापासून वाढत गेलेली जागा: जिराफ, गेंडे, पेंग्विन, बकऱ्यांना हात लावायचं कोठार, आणि छताखाली जुन्या काळची जत्रा, पाळण्या-घोड्यांसकट. लहान मुलगा दिवसभर रमेल. फक्त ज्या दिवशी सकाळपासून धो-धो पाऊस आहे त्या दिवशी सगळा जिल्हा तिथेच लोटतो. वारा आहे पण पाऊस नाही, अशा कुंद दिवशी गेलात तर जत्रेचा मोकळा आनंद मिळतो. लख्ख उन्हाचा दिवस मात्र तिथे घालवू नका, तसे दिवस मोजकेच मिळतात.

बुधवारी टेन्बी आणि काल्डी. काल्डीच्या बोटीला वेळ ठरवून बुकिंग लागत नाही. बंदरावरच्या खोक्यातून तिकीट घ्यायचं आणि रांगेत उभं राहायचं. परतीची बोटही हवी ती. म्हणूनच आई-वडिलांना न्यायला हे बेट स्कोमरपेक्षा कितीतरी सोयीचं. भरती असेल तर बोट बंदरातून, ओहोटीत शेजारच्या कॅसल बीचवरून सुटते, म्हणजे वाळूवरून चालावं लागतं. आईंसाठी भरतीची वेळ गाठा. वीसेक मिनिटांचा प्रवास, मग हलक्या चढाचा रस्ता गावठाणापर्यंत. भिक्षूंचं चॉकलेट आणि अत्तर विकत मिळतं. जुन्या मठाचा मनोरा कललेला आहे, तो चुकवू नका. दीड-दोन तास भरपूर.

टेन्बी गावात मुलांना सेंट मेरीज चर्चमध्ये न्या. तिथे रॉबर्ट रेकॉर्डचं स्मारक आहे. सोळाव्या शतकात याच गावात जन्मलेला हा गणिती, १५५७ च्या पुस्तकात त्याने बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा वापरलं. दोन समांतर रेघांहून अधिक सारखं दुसरं काही असू शकत नाही, हे त्याचं कारण. मग कॅसल बीचवर या. समोरच्या सेंट कॅथरिन्स बेटावर एकोणिसाव्या शतकातला किल्ला आहे आणि ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, अलिबागच्या कुलाब्यासारखंच. आत जाण्याच्या वेळा भरतीवर ठरतात. घर गावाबाहेर असेल तर गाडी गावाच्या जुन्या तटाबाहेरच्या पार्किंगला लावून विसरा. जुलै-ऑगस्टमध्ये तर तटाच्या आत दिवसा गाड्यांना बंदीच असते.

बाबांच्या जेवणाचं टेन्बीत जमेल, खेड्यांत अडेल. चिप्स ज्या तेलात तळतात त्यातच बहुधा मासा तळलेला असतो, आणि काही ठिकाणी तेल नसून बीफची चरबी असते. विचारा, सांगायला कोणी कंटाळत नाही. ग्लॅमॉर्गन सॉसेज नावाने घाबरवतं, पण ते चीज आणि लीकच्या पातीचं असतं, मांस नसतं. वेल्श केक तव्यावर भाजतात, पण काही ठिकाणी त्यात डुकराची चरबी घालतात, तेही विचारा. 'कावल' म्हणजे बहुतेक वेळा मटणाचं सूप, तेव्हा ते टाळा. टी-रूम चार-साडेचारला आवरायला लागतात. संध्याकाळच्या फेरीसाठी थर्मासमध्ये चहा आणि डब्यात थालीपीठ, हा माझा सगळ्या ग्राहकांना सल्ला. मोठी सुपरमार्केटं टेन्बी, पेंब्रोक डॉक आणि हेवरफर्डवेस्टला. पलीकडे जाताना सामान आधीच घ्या.

गुरुवारी सेंट डेव्हिड्स. लोकसंख्या जेमतेम १,८००, तरी शहराचा दर्जा, ब्रिटनमधलं सर्वांत छोटं शहर. कॅथीड्रल लांबून दिसत नाही, कारण ते खोलगटात बांधलंय. वरच्या कमानीतून ३९ पायऱ्या उतराव्या लागतात. आईंना गाडीने खालच्या बाजूला सोडा. आत गेल्यावर जमीन वेदीकडे चढत जाते आणि खांब बाहेर झुकलेले आहेत. ११८१ पासूनच्या या बांधकामाने बराच त्रास सोसलाय, १२२० मध्ये तर मनोराच कोसळला. बाराव्या शतकात पोपने इथल्या दोन यात्रा म्हणजे रोमची एक, असं ठरवून दिलं होतं. छताचं ओक लाकडाचं कोरीवकाम बघायला मान दुखेल. एडमंड ट्यूडरची कबर मुलांना स्वतः शोधू द्या. शेजारी बिशपच्या वाड्याचे अवशेष, वरच्या कमानींवर रंगीत दगडांची चौकट. तिथून मैलभराच्या आत सेंट नॉन्स, संत डेव्हिडच्या आईच्या नावाचं पडकं चॅपल आणि पाण्याचा झरा, समोर उघडा समुद्र. बाबांना तिथे बसायला आवडेल.

दुपारी अबरेइडीचं ब्लू लगून. पार्किंगपासून छोटी चाल. तळं खोल आणि थंड आहे, कड्यावरून उड्या मारणारे दिसतील ते मार्गदर्शकांबरोबर कोस्टिअरिंग (कड्यांवर चढणं, पोहणं, उड्या) करणारे. तुम्ही फक्त बघा. मग गाडीने पोर्थगेनला: चिमुकलं बंदर, त्यामागे खडी साठवायच्या विटांच्या अजस्र भिंती. रात्रीचं जेवण तिथेच.

फिशगार्डचा १७९७ च्या फ्रेंच स्वारीचा तीस मीटर लांबीचा भरतकामाचा पट, पेंत्रे इव्हानची महापाषाणी शिळा, प्रेसेलीचे डोंगर हे सगळं या खेपेला सोडा. ते उत्तरेत मुक्काम करूनच बघावं. सील पिल्लंही या खेपेला नाहीत, ती शरद ऋतूत जन्मतात.

पासबद्दल विचारलं होतंत. कॅडू या वेल्श सरकारच्या वारसास्थळ संस्थेचा पास या बेतात वसूल होत नाही, फक्त बिशपचा वाडा त्यात येतो. पेंब्रोक कॅसल खासगी ट्रस्टचा, कॅरू राष्ट्रीय उद्यानाचं, दोन्हींना तो चालत नाही. नॅशनल ट्रस्टचं सदस्यत्व असेल तर बरोबर ठेवा, स्टॅकपोल, बॉशर्स्टन, ब्रॉड हेवन साउथ आणि मार्टिन्स हेवनचं पार्किंग फुकट होतं. नसेल तर पार्किंगसाठी सुटी नाणी गाडीत ठेवा, कारण कार्डाचं यंत्र रेंजअभावी अडून बसतं.

दिवसांचा हा क्रम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. बुधवार आणि गुरुवार सरळ अदलाबदल करता येतात, सोमवार मंगळवारीही चालतो. न हलणारे दोनच: रविवारचा गोळीबार क्षेत्राचा पट्टा आणि स्कोमरची तिकिटाची तारीख. आज रात्री तेवढं एक तिकीट शोधा. बाकी काहीही आताच बुक करू नका.